उकिरड्यावर ठेवलेली लेक

बिरागोचं पहिलं मूल नाव ठेवायच्या आधीच गेलं. आमच्या असांते लोकांत आठव्या दिवशी नाव ठेवतात, तोवर मुलाला माणसांत धरत नाहीत. हे सहाव्या दिवशीच गेलं. बाळंतिणीला रडूसुद्धा दिलं नाही. तिची आई अफ्राकोमा म्हणजे गावातल्या चार म्हाताऱ्या जिच्या शब्दावर माना डोलवायच्या अशी बाई. तिने लेकीला आणि जावयाला आमच्याकडे आनंदाच्या दिवशी नेसतात ते पांढरं नेसवलं, पुढ्यात शेंगदाण्याच्या रश्श्याचं वाडगं ठेवलं आणि म्हणाली, "खा. पोटभर खा, आणि हसता आलं तर हसा. तुम्ही रडलात तर त्याला कळेल की इथे आपली किंमत होती. मग ते तुम्हाला छळायला परत परत येईल."

बिरागो जेवली. कोवळ्या वयाची होती, आईचा शब्द मोडायची सवय नव्हती. घास गिळताना छातीतलं दूध वाहून पांढरं नेसूचं ओलं झालं, ते मात्र कोणाला थांबवता आलं नाही. नवरा ओफोसू सुतार होता, धट्टाकट्टा माणूस. त्याने वाडगं पुसून संपवलं आणि मग घरामागे जाऊन ओकला.

दुसरी मुलगी सात महिन्यांची होऊन तापात गेली. तिसरा मुलगा तर चालायला लागला होता. कुमासी शहराकडे जाणाऱ्या मोटारी थांबतात तिथे बिरागो सकाळी मक्याची आंबील विकायची, आणि हा तिच्या पायाशी बसून गिऱ्हाइकांना "गरम! गरम!" म्हणून ओरडायचा. लोक थांबून त्याचं कौतुक करत आणि बिरागोही त्यांच्यात सामील व्हायची. "माझा राजा," म्हणायची, "माझं सोनं." पावसाळ्यात एका दुपारी त्याला झटके आले आणि दिवेलागणीच्या आत सगळं आटोपलं.

आता कोणी म्हणेल मलेरिया. असेलही. पण मलेरिया म्हटल्याने आईचं दुःख काही निम्मं होत नाही, आणि आमच्या गावाला दुसरंच कारण माहीत होतं. ही तिन्ही मुलं म्हणजे एकच मूल. येतं, दूध पितं, लळा लावतं, आणि जीव जडला की उठून जातं. पलीकडे त्याची माणसं असतात, ती त्याला हाका मारत असतात. त्याला अडवायचा मार्ग एकच. इथे त्याला कोणी विचारत नाही असं दाखवायचं. ज्याला आईसुद्धा विचारत नाही, त्याला मृत्यू कशाला विचारेल?

"चूक तुझी आहे," अफ्राकोमा लेकीला म्हणाली. "चव्हाट्यावर बसून राजा काय, सोनं काय! सोनं उघड्यावर ठेवलं की चोर येणारच."

दुसऱ्या कोणाला हे बोलणं दोन दिवस झोंबलं असतं. बिरागोच्या काळजात ते रुतलं ते कायमचं.

चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिने ओफोसूलाही सांगितलं नाही. डोहाळे लागले ते पांढऱ्या मातीचे. बाजारात पोटुशा बायकांसाठी त्या मातीचे गोळे मिळतात, पण ते घेतले की बातमी फुटणार. म्हणून ती ओढ्याकाठची माती खरवडून आणायची आणि आंबील ढवळता ढवळता चोरून खायची. गोगलगाय सोडली, अंडी सोडली, जे जे सोडायचं असतं ते सगळं सोडलं. कोणी विचारलं तर "सध्या पोट बिघडलंय" म्हणून सांगितलं. पोट झाकता येईना तेव्हा बायकाच गप्प बसल्या. आमच्या बायकांना एवढी समज आहे. कोणी "कितवा?" म्हटलं नाही की जुनी फडकी आणून दिली नाहीत.

बुधवारी मुलगी झाली. दाई काही बोलणार तोच अफ्राकोमाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "काही झालेलं नाही. घाण आहे, टाकून येते." तिने नातीला फाटक्या पोत्यात गुंडाळलं, वस्तीमागच्या उकिरड्यावर नेलं आणि राखेत, केळीच्या सालींवर ठेवून दिलं.

अझारा आधीपासूनच झुडपाआड उभी होती. ही उत्तरेकडची बाई. गावाच्या टोकाला परमुलखातल्या लोकांची वस्ती आहे, तिला झोंगो म्हणतात. तिथे राहून ही सुपारीसारखी चघळायची कोलाची फळं विकायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. अशा कामाला परकीच बाई लागते, आणि अफ्राकोमाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. अझारा सहज वाटेने चालल्यासारखी आली, थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई! हे कोणी टाकलंय?"

"कचरा आहे," अफ्राकोमा म्हणाली. "हवा तर ने."

"फुकटचं मला पचत नाही." अझाराने मूठभर कवड्या राखेत टाकल्या, पोर उचलली आणि थेट बिरागोच्या दारात आणली. "ए आंबीलवाली! मला उकिरड्यावर एक पोर सापडलीय. माझ्या अंगावर दूध नाही, तू पाज हिला. पोर माझी, हां! तुझ्याकडे नुसती ठेवायला."

बिरागोला उत्तर शिकवून ठेवलेलं होतं. हात पुढे धावत होते आणि तोंड म्हणत होतं, "ठेव तिकडे. वेळ मिळाला तर पाजीन."

नाव ठेवलं सुमिना. सुमिना म्हणजे उकिरडा. गालांवर पात्याने बारीक रेघा ओढल्या, रूप बिघडावं म्हणून. केस कापायचे नाहीत, विंचरायचे नाहीत. जटा झाल्या की त्यांत कवड्या आणि गंजके खिळे बांधायचे. अंगावर चिंध्या, जेवायला फुटकं वाडगं. कोणी "गोड आहे हो" म्हणायचं नाही. बिरागोने तिला "माझी" म्हणायचं नाही आणि तिने बिरागोला "आई" म्हणायचं नाही.

हे नाटक असतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि नाटकाला शेवट असतो. मुलाचे दुधाचे दात पडले की एक दिवस आई पांढरं नेसते, चारचौघांत त्याच्या जटा उतरवते, त्याला पाठीशी बांधून गावातून मिरवते आणि त्याचं खरं नाव मोठ्याने घेते. विकत घेणाऱ्या बाईला कोंबडी देतात, ती म्हणते "तुझं तुला लखलाभ", आणि सगळे जेवतात. आमच्याकडचे असे कित्येक उकिरडे पुढे शिक्षक झाले, मोटारी चालवायला लागले, लेकुरवाळे झाले. तेव्हा प्रथेला उगाच नावं ठेवू नयेत. शेवट करायचा कधी, एवढं आईला कळलं पाहिजे.

सुमिना राहिली. एक पावसाळा काढला, दुसरा काढला. बिरागो पहाटे आंबील ढवळायची तेव्हा पोर पाठीशी बांधलेली असायची, आणि मानेवर तिचा श्वास लागतोय की नाही याकडे तिचं सगळं ध्यान. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकून पिणार. आंबिलीचा सगळ्यात दाट भाग फुटक्या वाडग्यात जायचा. आमचा उकडलेल्या कंदाचा फुफू असतो, त्याच्या गोळ्याखाली माशाचा तुकडा दडवलेला असायचा, वरून कोणाला दिसू नये असा. आणि तोंडाने ती म्हणायची, "गीळ एकदाची."

सुमिना तीन वर्षांची असताना बिरागोला मुलगा झाला, न्यार्को. आधीचं मूल राहिलं की मागून येणाऱ्याची वाट मोकळी झाली असं आम्ही धरतो. त्याचं नाव आठव्या दिवशी वाजतगाजत ठेवलं. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं लाडाचं सगळं बोलणं त्या एका पोरावर सांडलं. "माझा राजा," बिरागो पुन्हा म्हणायला लागली. त्याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि तेही उघड्यावर, मोटारींच्या थांब्यावर, सगळ्यांसमोर. न्यार्को रडला की सुमिना त्याला पाठीवर घेऊन हिंडायची. आई तिच्या पाठीवरच्या भावाचे मुके घ्यायची आणि तिला म्हणायची, "सरळ उभी राहा, पाडशील त्याला."

बिरागोचा हिशोब सरळ होता. एकाला झाकायचं म्हणजे ते जगतं, दुसऱ्याला धोका नाही म्हणून त्याला कुरवाळायचं. तिचा जीव दोघांत सारखाच होता, उलट पोरीत कांकणभर जास्तच. पण पोरीच्या डोक्यात कसला हिशोब चाललाय हे बघायचं तिला सुचलं नाही. मृत्यूला फसवण्याच्या नादात तिने घरातल्या दोन डोळ्यांचा विचारच केला नाही.

एकदा जेवताना सुमिनाच्या बोटांना मासा लागला. तिने तो बाहेर काढला, क्षणभर पाहिला आणि उठून न्यार्कोच्या वाडग्यात नेऊन ठेवला.

"चुकून माझ्यात आलाय," ती म्हणाली.

"डोळे फुटलेत माझे," बिरागो म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने मासा बारीक कुस्करून रश्श्यात मिसळायला सुरुवात केली. पोटात गेल्याशी मतलब.

दुधाचे दात पडले तेव्हा अफ्राकोमा म्हणाली, "आता बास. कोंबडी मी आणते, तू पांढरं काढ." बिरागोने पेटीतून पांढरं काढलंही. तेवढ्यात पोमाच्या पोराचं झालं. पोमा चार घरं सोडून राहायची, तिचा मुलगाही असाच उकिरड्यावरून आणलेला. तिने थाटात त्याच्या जटा उतरवल्या, मिरवलं, गाव जेवू घातलं, आणि महिना भरायच्या आत पोर गोवराने गेलं. जटा असत्या तरी गेलं असतं. त्या साथीत कधी जटा न वाढवलेली पोरंही गेलीच. पण हे बिरागोच्या गळी कोण उतरवणार?

"तुझी पोर तसली नाही," अफ्राकोमा म्हणाली. "हाडापेराने घट्ट आहे."

"आई, हळू बोल!"

"कोण ऐकतंय इथे?"

"ऐकणारं ऐकतंच. तूच शिकवलंस मला. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी अफ्राकोमा अंथरुणाला खिळली आणि त्यातच गेली. नाटक सुरू करणारी गेली, आता ते थांबव म्हणणारं घरात कोणी उरलं नाही. केस तेवढे शाळेने कापले, कारण शाळेत मुलींचे केस बारीकच लागतात. पण तो न्हाव्याचा कारभार, त्यात पांढरं नेसणं नव्हतं की नाव घेणं नव्हतं. ओफोसू आपल्या आईच्या घरी राहायचा. आमच्याकडे नवरा-बायको पुष्कळदा अशी वेगळी राहतात, बायको संध्याकाळचं जेवण पाठवते. ते जेवण डोक्यावर घेऊन सुमिनाच जायची. बाप तिला लाकडाची भिंगरी करून द्यायचा, डोक्यावर हात ठेवायचा आणि गप्प राहायचा. मुलं आईच्या कुळाची, त्यात बापाने बोलायचं किती?

शाळेत पोरं नाक धरून "उकिरडा आला, वास आला" म्हणून ओरडायची. आमच्या पोरांच्या तोंडाला काही धरबंध नाही. एकदा एका मुलीने भांडणात सांगून टाकलं, "तुला त्या झोंगोतल्या अझाराने विकत घेतलंय!" सुमिना तेव्हा नऊ वर्षांची असेल. शाळा सुटल्यावर ती तडक झोंगोत गेली. अझारा दारात कोला निवडत बसली होती.

"मला तू विकत घेतलंस?"

"घेतलं तर!" अझारा कोलाने लाल झालेले दात दाखवत हसली. "मूठभर कवड्या दिल्या. लोक म्हणाले महाग पडली. मी म्हटलं, पडू दे."

"मग मी तुझी?"

"माझी नाही तर कोणाची? त्या आंबीलवालीकडे नुसती ठेवलीय."

अझारा ते नाटकातलं वाक्य थट्टेने बोलली, म्हातारीला वाटलं पोर हसेल. पण "माझी" हा शब्द त्या पोरीने स्वतःबद्दल पहिल्यांदाच ऐकला होता. त्या दिवसापासून शाळा सुटली की ती झोंगोच्या वाटेला लागायची. कोला निवडायची, पाणी भरायची, अझाराचे सुजलेले पाय चेपायची. अझारालाही सवय झाली. एकट्या बाईला संध्याकाळी दारात कोणी यावंसं वाटतं, त्यात तिचा काय दोष?

बिरागोला हे माहीत होतं. बरंच आहे, तिला वाटलं. पोर परक्याची आहे असं जितकं दिसेल तितकं चांगलं.

सुमिना अभ्यासात हुशार निघाली. तिचे डान्सो मास्तर एका सकाळी थांब्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "बिरागोबाई, तुमची मुलगी सबंध शाळेत पहिली आली! तोंड गोड करा, निदान आंबील तरी फुकट द्या."

बिरागोने पळी पुन्हा पातेल्यात घातली. "कोणाची मुलगी? मास्तर, आंबील हवी तर घ्या. तो कचरा आहे, कचऱ्याला कसला आलाय नंबर?"

सुमिना तिच्या मागेच भांडी घासत बसली होती. मास्तर समुद्राकडच्या मुलखातले, त्यांना उकिरड्याच्या पोरांचं काही ठाऊक नव्हतं. ते ओशाळले. "निदान बक्षिसाच्या दिवशी तरी या," म्हणाले. "मुलाची आई येऊन त्याला पावडर लावते, आमच्या शाळेची तशी रीत आहे." सुमिना भांडी घासतच राहिली.

तो दिवस आला तेव्हा गोवर पुन्हा फिरत होता. शेजारच्या गावात पोरं जात होती, आमच्याही शाळेतलं एक गेलं होतं. बिरागोने पावडरचा नवा डबा विकत आणला आणि कमरेच्या गाठीत बांधला. रात्रभर विचार करून तिने मनाशी ठरवलं होतं, आज पोरीला चारचौघांत माझी म्हणायचं. पांढरं नेसूनच ती शाळेच्या मैदानात गेली आणि मागच्या बाकावर बसली. आमच्याकडे कोणाचं काही भलं झालं की त्याच्या मानेवर, खांद्यांवर पांढरी पावडर फासतात. एकेका मुलाचं नाव पुकारलं जात होतं, आया धावत होत्या, पोरं पिठात लोळल्यासारखी पांढरी होत होती आणि बँड वाजत होता.

"सुमिना!" मास्तर ओरडले. "सबंध शाळेत पहिली! आई कुठे आहे हिची? उभ्या राहा!"

सुमिना कंपासपेटी छातीशी धरून व्यासपीठावर उभी होती. अकरा वर्षांची, काटकुळी, गालांवर त्या रेघा. तिने बिरागोला पाहिलं. पांढरं नेसलेलं पाहिलं, कमरेशी गेलेला हातही पाहिला. बिरागो अर्धी उठली. त्याच वेळी पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "काय गुणाची पोर आहे गं! सोनं आहे सोनं."

बिरागो खाली बसली.

कोणी हसलं. "उकिरड्याला कसली आई," कुठल्याशा पोराचा आवाज आला. तेव्हा कडेच्या आंब्याखालून अझारा उठली. सुजलेले पाय ओढत ती मैदान ओलांडून गेली. तिच्याकडे पावडर नव्हती. तिने पदराच्या गाठीतलं मक्याचं पीठ सोडलं, सुमिनाच्या मानेला चोळलं आणि मोठ्याने म्हणाली, "माझी आहे! कोणाला काही म्हणायचंय?"

त्या संध्याकाळी सुमिना अझाराबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी बिरागो थांब्यावर असताना येऊन तिने आपले दोन कपडे नेले. फुटकं वाडगं धुऊन पालथं घालून ठेवलं होतं.

ओफोसू पहिल्यांदा बोलला तो तेव्हा. "जा आणि घेऊन ये तिला. चार शब्द तर आहेत, बाई. चार शब्दांनी तोंड भाजतं का?"

"साथ जाऊ दे."

"साथ जाईल, आणि पोरही जाईल."

"जिवंत तर राहील!" बिरागो किंचाळली. "तुला काय कळतंय? तू तिघांना पुरलंस, मी तिघांना पोटात वाढवलं! झोंगोत का होईना, ती श्वास घेतेय!"

ओफोसू उठून आपल्या आईच्या घरी गेला. पण त्याचं बोलणं तिला लागलं होतं. साथ ओसरल्याचं लोक म्हणायला लागले तशी एका दुपारी ती उठली, पुन्हा पांढरं नेसली, पावडरचा डबा घेतला. सुमिनासाठी तिने एक नाव कधीचं मनात धरून ठेवलं होतं, ओफोसूच्या आईचं, निमाको. वाटभर ती तेच पुटपुटत होती. "निमाको, तू माझी आहेस. माझ्या पोटची आहेस. घरी चल." इतक्या वर्षांत जीभ वळली नव्हती, म्हणून वाटेत झाडाझुडपांना सांगून पाहिलं.

अझारा बाजारात गेली होती. दारात सुमिना एकटीच होती. बिरागोला बघून ती उठली, स्टूल पुसून ठेवलं, आत जाऊन भोपळ्याच्या वाटीत पाणी आणलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. बिरागो प्यायली. मग सुमिना समोर बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुमचं येणं कसं झालं?"

आमच्यात हे परक्याला विचारतात. पाहुण्याला आधी पाणी, मग येण्याचं कारण. घरच्या माणसाला कोणी असं विचारत नाही, कारण घरच्याला घरी यायला कारण लागत नाही. पोरीच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. कोणीतरी चांगलं वळण लावलं होतं तिला, आणि ते वळण ती नीट पाळत होती.

बिरागोने तोंड उघडलं. शब्द तयार होते. तेवढ्यात सुमिना खोकली. तोंडावर हात धरून दोनदा, तीनदा खोकली, आणि तिने मान वर केली तेव्हा डोळे लाल होते, पाणावलेले.

बिरागो स्टुलावरून पुढे वाकली. "खोकला कधीपासून?"

"परवापासून."

"अंग गरम?"

"थोडं."

पोमाच्या पोराचंही असंच सुरू झालं होतं. खोकला, लाल डोळे, थोडं अंग गरम. आता जर बोललं, आत्ता जर हिला नावाने हाक मारली, तर ऐकणारं ऐकेल. बिरागोच्या ओठांवर आलेलं "निमाको" तिने गिळलं. त्या पहिल्या रश्श्याचा घास गिळला होता तसं गिळलं.

"माझं एक पातेलं अझाराकडे राहिलंय," ती म्हणाली. "ते न्यायला आले."

सुमिना उठली. आत जाऊन तिने भांडी हलवली, पलंगाखाली वाकून बघितलं, मागच्या पडवीत जाऊन शोधलं. बिरागो बाहेर बसून तिचं खोकणं ऐकत होती. बऱ्याच वेळाने ती रिकाम्या हातांनी आली.

"सापडत नाही. आई आली की तिला विचारते."

बिरागोला आधी कळलंच नाही की आई म्हणजे कोण. कळलं तेव्हा ती उठली. सुमिना रीतीप्रमाणे तिला वाटेच्या वळणापर्यंत सोडायला आली आणि तिथून मागे फिरली.

वळणापुढे डोक्यावर टोपली घेतलेली अझारा भेटली. तिने पांढरं नेसू पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. "बोललीस?"

"खोकतेय ती, अझारा. बरी होऊ दे."

"बरी झाली की तुला दुसरं काही सुचेल." अझारा रागावली नव्हती, दमली होती. "अगं, मी ते नाटक केलं होतं. मूठभर कवड्यांचं नाटक. मला तुझी पोर नको होती. आता ती मला आई म्हणते, आणि माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. जा, परत जा आत. मी इथे थांबते."

बिरागो तिथे उभी राहिली. वळणापलीकडून पुन्हा एकदा खोकला ऐकू आला. ती घराकडे चालायला लागली. डबा तिने वाटेत ओढ्यात टाकला असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंबील ढवळत होती तेव्हा बहिणीला बघायला गेलेला न्यार्को झोंगोतून आला. त्याच्या डोक्यावर पातेलं होतं, अझाराच्या घरातलं चांगलं जाड बुडाचं, घासून लखलखीत केलेलं.

"हे सुमिनाने दिलंय," तो म्हणाला. "तुझं सापडलं नाही म्हणाली, म्हणून हे घे. आता आपलं एकमेकींकडे काही राहिलं नाही म्हणाली."

गिऱ्हाइकं खोळंबली होती. बिरागोने पातेलं उतरवून घेतलं, बाजूला ठेवलं आणि पुढच्या माणसाला आंबील वाढली. पोरीचा तो नुसता सर्दीताप होता, गोवर नव्हता. ती चार दिवसांत बरी होऊन शाळेत गेली, ही बातमी बिरागोला थांब्यावर एका गिऱ्हाइकाकडून कळली.